ग्लायडरने लांब पल्ला: धावपट्टीची हद्द ओलांडायची कशी आणि शर्यतीत वेग येतो कुठून

घारपंख

सोलो (प्रशिक्षकाशिवाय एकट्याने उडणं) झाल्यावर बहुतेकांचं एकाच जागी अडतं. धावपट्टीच्या डोक्यावर तासभर घिरट्या घालता येतात, थर्मल (वर चढणाऱ्या गरम हवेचा झोत) सापडतं, उतरणंही सफाईदार होतं. पण दहा किलोमीटरवर सपाट बुडाचे भरदार ढग ओळीने उभे दिसत असूनही तिकडे नाक वळवायला मन धजत नाही. त्या पुढच्या टप्प्याबद्दल आणि त्याच्याही पुढे शर्यतीबद्दल इथे सविस्तर बोलावं म्हणून हा धागा.

माझं मत आधीच मांडतो. लांब पल्ल्यात धाडसापेक्षा हिशेब मोठा आहे. आणि शर्यतीतला वेग नाक खाली करून पळण्यातून थोडा येतो, चढताना वेळ न दवडण्यातून खूप येतो.

पहिला हिशेब पोहोचण्याचा. समजा तुमच्या ग्लायडरचं ग्लाइड गुणोत्तर १:४० आहे. कागदावर १००० मीटर उंचीवरून ४० किलोमीटर जाता येतं. आता समोरून ताशी ३० किलोमीटर वारा आहे आणि तुम्ही ताशी १०० ने उडताय. जमिनीवरचा वेग ७० उरला, म्हणजे ४० चे २८ झाले. वाटेत सिंक (खाली येणारी हवा) लागणारच, कारण जिथे हवा वर जाते तिच्या आजूबाजूला ती खालीही येते. त्यात उतरण्यापूर्वीच्या सर्किटसाठी (उतरण्याच्या जागेभोवतीच्या ठरलेल्या फेरीसाठी) किमान २०० ते ३०० मीटर हातात हवेत. म्हणून सुरुवातीला कागदावरचा आकडा निम्मा करायचा आणि तोच खरा मानायचा.

प्रत्येक उतरण्याजोग्या जागेवर एक अदृश्य नरसाळं ठेवलंय असं समजा, टोक जमिनीवर आणि तोंड आकाशाकडे. आत आहात तोवर ती जागा तुमची. जितके उंच, तितकं तोंड रुंद. सोलो झालेला माणूस एकाच नरसाळ्यात फिरत असतो. क्रॉस-कंट्री म्हणजे एका नरसाळ्यातून बाहेर पडण्याआधी दुसऱ्यात शिरलेलं असणं. हे एकदा डोक्यात बसलं की ‘घरापासून किती लांब आलो’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘आत्ता कोणती जागा माझ्या हातात आहे’ हा प्रश्न त्याची जागा घेतो.

दुसरा हिशेब वेगाचा. ग्लायडर ताशी १५० ने जाताना सेकंदाला १.५ मीटर खाली येतं आणि थर्मलमध्ये सेकंदाला २ मीटर चढतं असं धरू. जितकी उंची गमावली तितकी परत मिळवायची, तर सरासरी वेग पडतो ताशी ८६ किलोमीटर. तेच ग्लायडर १३५ ने नेलं आणि त्याचा सिंक, म्हणजे खाली येण्याचा दर, १.२ असला तर सरासरी ८४. आणखी सावकाश, १२० ने, सिंक १.०, तर ८०. म्हणजे नाक खाली करून ३० किलोमीटरने वेग वाढवला आणि हातात पडले जेमतेम ६.

आता उलट करून बघा. वेग १५० च ठेवा, पण थर्मलचा गाभा नीट पकडून २ ऐवजी २.५ मीटरने चढा. सरासरी एकदम ९४! पहिल्या उदाहरणात उड्डाणाचा ४३ टक्के वेळ चढण्यात जातो. सुधारणेला जागा तिथे आहे.

कोणत्या चढीला किती वेगाने पळावं याचं गणित पॉल मॅक्रेडी यांच्या नावाने ओळखलं जातं. व्हेरिओमीटरभोवती (चढण्या-उतरण्याचा दर दाखवणाऱ्या यंत्राभोवती) फिरणारी, किती वेगाने उडावं ते दाखवणारी त्यांची कडी पुढे जगभरच्या ग्लायडरांत बसली. १९५६ मध्ये फ्रान्समधल्या सँ-याँ इथे ते जगज्जेते झाले. पुढे माणसाच्या पायांच्या ताकदीवर उडणारी ‘गोसॅमर काँडोर’ आणि ‘गोसॅमर अल्बट्रॉस’ ही विमानंही त्यांचीच. सिद्धांत सुंदर आहे, पण वरचे आकडे सांगतात की त्याचा शिखरबिंदू चांगलाच पसरट आहे. कडी थोडी कमीवर ठेवली तर वेगात किरकोळ घट होते आणि त्या बदल्यात उंची हातात राहते. नव्याने निघणाऱ्याने ती कमीच ठेवावी असं मी ठामपणे म्हणेन.

नवशिकी

नरसाळ्याचं चित्र मनात पक्कं बसलं, धन्यवाद. मी सोलो करते, तासाच्या वरची उड्डाणंही झाली आहेत. माझे दोन प्रश्न आहेत.

एक, गाभा पकडायचा म्हणजे नेमकं काय करायचं? आमचे सर म्हणतात ‘बँक वाढव’, म्हणजे वळताना ग्लायडर आणखी कलंडव, पण जास्त बँकेत ग्लायडर जास्त खाली येतं हेही तेच शिकवतात. दोन, शेतात उतरावं लागण्याची भीती. ती कशी कमी करायची? मी प्रामाणिकपणे विचारतेय, त्या विचाराने पोटात गोळा येतो.

घारपंख

पहिल्याचं उत्तर मी देतो, दुसऱ्यावर सावकाश यांनी लिहावं. त्यांनी अनेकांना शिकवलं आहे.

ताशी ९० वेगाला ३० अंश बँक दिली तर वर्तुळाची त्रिज्या सुमारे ११० मीटर येते आणि एक फेरी २८ सेकंदांत होते. ४५ अंशांना त्रिज्या ६४ मीटर, फेरी १६ सेकंदांची. थर्मल मधोमध जोरकस आणि कडेला मंद असतं. ११० मीटर त्रिज्येवर तुम्ही बऱ्याचदा त्याच्या कडेने, क्वचित बाहेरूनच फिरत असता. बँक वाढवल्याने ग्लायडरचा स्वतःचा सिंक वाढतो हे तुमच्या सरांचं म्हणणं बरोबर आहे, पण गाभ्यात मिळणारी वाढीव चढ त्याहून बहुधा जास्त असते. वेगाचं मात्र भान हवं. ४५ अंशांत भार १.४१ पट होतो आणि स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख ग्लायडर तोलू शकत नाहीत तो) १९ टक्क्यांनी चढतो. ३० अंशांत जो वेग पुरेसा वाटत होता तो इथे पुरत नाही.

शिरताना जो पंख उचलला जातो त्या बाजूला हवा जोरात वर जातेय. त्याच बाजूला वळा. वळल्यावर चढ वाढत असेल तिथे बँक थोडी सैल करा, म्हणजे वर्तुळ त्या दिशेला सरकतं. घटत असेल तिथे आवळा. एक-दोन फेऱ्यांत जमलं नाही आणि व्हेरिओची सरासरी वाटेतल्या आधीच्या थर्मलपेक्षा निम्मीच दिसत असेल, तर उंची हाताशी असताना सोडून पुढे जा. वरच्याच उदाहरणात १०० किलोमीटरला ७० मिनिटं लागतात. त्यात एका थर्मलमध्ये ३ मिनिटं चाचपडण्यात गेली तर सरासरी ८६ वरून ८२ वर येते. १५० ऐवजी १३५ ने उडून झालं असतं त्याहून हे नुकसान मोठं आहे.

आणि नजर बाहेर. व्हेरिओचा आवाज कानाने ऐका, काट्याकडे टक लावू नका. कॅनॉपीवरचा (डोक्यावरच्या पारदर्शक झाकणावरचा) लोकरीचा दोरा सरळ आहे ना, नाक क्षितिजावर एकाच जागी आहे ना, एवढं पाहिलं तरी वेग आणि बँक बऱ्यापैकी टिकतात.

सावकाश

नवशिकी, पोटात गोळा येतो हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. तो गोळा असणाऱ्यांना शिकवणं मला सोपं जातं. ज्यांना अजिबात काही वाटत नाही त्यांची मला काळजी वाटते.

शेतात उतरणं हे पायलटने स्वतः ठरवून, वेळेवर केलेलं साधं लँडिंग आहे. धोका निर्णय उशिरा घेण्यात असतो. म्हणून उंचीच्या तीन पायऱ्या घट्ट धरा. जमिनीपासून सुमारे ६०० मीटरवर आलात की उतरण्याजोगा भाग निवडा आणि त्याच्या वरच थर्मल शोधा. ४५० वर एक विशिष्ट शेत ठरवा. ३०० वर शोध संपला, आता फक्त सर्किट आणि लँडिंग. त्या खाली व्हेरिओ कितीही गोड आवाज काढू दे, वळायचं नाही. कमी उंचीवर, मंद वेगात, थर्मलच्या आशेने घेतलेल्या वळणात स्पिन झाला, म्हणजे ग्लायडर गरगरत खाली जाऊ लागलं, तर सावरायला जागाच उरत नाही. इतक्या वर्षांत या एका मुद्द्यावर मी कुणालाही सवलत दिलेली नाही.

शेत बघताना लांबी, उतार, पृष्ठभाग, जनावरं आणि येण्याच्या वाटेवरचे अडथळे पाहायचे. यात उतार सगळ्यांत फसवा. वरून सपाट दिसणारी जमीन खाली आल्यावर उतरती निघते. उतार नजरेला जाणवतोय म्हणजे तो बराच आहे. अशा वेळी वारा पाठीशी असला तरी चढाच्या दिशेनेच उतरायचं. विजेच्या तारा वरून दिसतच नाहीत. खांब शोधा आणि दोन खांबांमध्ये तार आहेच असं धरून चाला. कापणी झालेलं, खुंट उरलेलं शेत उत्तम. उंच पिकात पंखाचं टोक अडकलं की ग्लायडर गर्रकन फिरतं आणि शेपटीला इजा होते.

भीती कमी करण्याचा मला माहीत असलेला मार्ग एकच, सराव. प्रशिक्षकाबरोबर मोटर-ग्लायडरमधून अनोळखी शेतांवर अॅप्रोच (उतरण्यासाठी खाली येत जाणं) करायचे, उंचीमापक झाकून. उंचीमापक निघालेल्या धावपट्टीच्या पातळीवर किंवा समुद्रसपाटीवर लावलेला असतो, समोरचं शेत किती उंचावर आहे ते त्याला ठाऊक नसतं. कोनावरून उंची ओळखायची सवय लागली की गोळा आपोआप विरतो.

पाचवा_कोपरा

एक वेगळा सूर लावतो. आता कितीतरी ग्लायडरांत छोटं इंजिन असतं. थर्मल संपलं की बटण दाबायचं आणि घरी. असं असताना नवीन पिढीने शेताच्या तयारीवर इतका वेळ का घालवावा? तो वेळ उड्डाणात घातला तर जास्त शिकतील असं मला वाटतं.

सावकाश

तुमचा प्रश्न रास्त आहे, पण उत्तर तुम्हाला आवडणार नाही. इंजिन खांबावर बाहेर काढलं आणि ते सुरूच झालं नाही, तर तो खांब आणि बंद पंखा वाऱ्याला अडवत राहतात. काही क्षणांपूर्वी सुंदर तरंगणारं ग्लायडर दगडासारखं खाली यायला लागतं. म्हणजे इंजिन असलेल्या पायलटला शेत आणखी लवकर आणि आणखी जवळ ठरवावं लागतं. आधी शेत हातात, मग इंजिन बाहेर. बॅटरीवर चालणारी नाकातली मोटर यात बरीच सोयीची आहे, मान्य. तरी क्रम तोच.

उनाड_वारा

हवामानावर कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. माझ्या मते निम्मं क्रॉस-कंट्री जमिनीवरच, सकाळी घडतं.

ढगांचं बूड किती उंचीवर येईल याचा सोपा अंदाज: जमिनीवरचं तापमान वजा दवबिंदू, गुणिले १२५ मीटर. तापमान ३४ आणि दवबिंदू १८ असेल तर फरक १६, म्हणजे बूड सुमारे २००० मीटरवर. घारपंख यांच्या नरसाळ्यात हा आकडा घाला म्हणजे त्या दिवशी किती मोकळीक आहे ते कळेल. बूड ९०० वर असेल तर नवख्याने त्या दिवशी लांब जाऊ नये.

ढग वाचायला शिका. क्युम्युलसचं (कापसाच्या ढिगासारख्या ढगाचं) आयुष्य बहुतेकदा वीस-पंचवीस मिनिटांचं. तुम्ही पोहोचेपर्यंत तो म्हातारा झालेला असतो. म्हणून दिसायला सगळ्यांत भव्य ढगाकडे धावू नका. आत्ताच धरू लागलेली विरविरीत झालर, किंवा कडा स्पष्ट आणि बूड काळसर सपाट आहे असा ढग बघा. कडा विस्कटून पिंजल्यासारख्या झाल्या की तिथे काही उरलेलं नाही. वारा बरा असेल तर ढगांच्या रांगा लागतात. रांगेखालून सरळ जात राहा, चढ आली की वेग कमी करा, सिंक आला की वाढवा. वर्तुळ न घेता बरंच अंतर कापता येतं आणि उंची जवळपास तशीच राहते.

ढगच नसतील तर जमीन वाचा. सूर्याकडे तोंड केलेले उतार, कोरडी नांगरलेली जमीन आणि जंगल यांची सीमा, खाणी, दगडी वस्ती. गरम हवा जमिनीला चिकटून बसते आणि अशा एखाद्या कडेपाशी सुटते. मग वाऱ्याबरोबर कलत वर जाते, त्यामुळे उंचावर असताना ती उगमाच्या वाऱ्याखालच्या बाजूला शोधायची. आणि घारी, गिधाडं, करकोचे दिसले तर निःशंक तिकडे वळा. इतके विश्वासू मार्गदर्शक दुसरे नाहीत.

डोंगरकड्यावरची चढ आणि पर्वतलहरी (डोंगर ओलांडणाऱ्या वाऱ्यात उठणाऱ्या लाटा) हा स्वतंत्र विषय. क्लाउस ओलमान यांनी २००३ मध्ये अँडीजच्या लहरींवर ३००० किलोमीटरच्या पुढे मजल मारली आणि २०१८ मध्ये ‘पर्लान २’ हे ग्लायडर त्याच पर्वतरांगेच्या दक्षिण भागात २२,००० मीटरच्या वर पोहोचलं, तेही इंजिनाविना. पण तिथले नियम वेगळे, सवय वेगळी. कड्याजवळ वळताना कायम डोंगरापासून दूर वळायचं, एवढं एक आत्ता लक्षात ठेवा. बाकी तिथल्या जाणकाराबरोबर दोन सीटच्या ग्लायडरमधून शिका.

ढगोबा

शर्यतीबद्दल मी लिहितो, तिथे माझा जीव रमतो.

१९२० मध्ये जर्मनीतल्या वासरकुप्पे टेकडीवर स्पर्धा सुरू झाल्या तेव्हा हवेत टिकणं हीच कसोटी होती. १९२९ मध्ये रॉबर्ट क्रोनफेल्ड यांनी १०० किलोमीटरचा टप्पा ओलांडला. १९७२ मध्ये हान्स-वेर्नर ग्रोसं उत्तर जर्मनीतल्या ल्युबेकहून निघाले आणि एका उड्डाणात फ्रान्सच्या बियारित्झला उतरले, १४६० किलोमीटर. आज स्पर्धेत निघालेल्या जागी परतायचं असतं आणि मोजतात तो वेग.

मुख्य प्रकार दोन. रेसिंग टास्कमध्ये ठरलेले टर्नपॉइंट (जिथून वळायचं त्या जागा) सगळ्यांना सारखे, सर्वांत कमी वेळ घेणारा पुढे. एरिया टास्कमध्ये टर्नपॉइंटच्या जागी मोठी क्षेत्रं असतात आणि किमान वेळ ठरलेला असतो. क्षेत्रात किती खोल जायचं ते पायलट ठरवतो. लवकर परत आलात तरी अंतर किमान वेळेनेच भागलं जातं, म्हणजे नुकसान तुमचंच. म्हणून शेवटच्या क्षेत्रात घड्याळ आणि ढग दोन्ही एकाच वेळी वाचावे लागतात. मला हा प्रकार जास्त आवडतो, कारण यात निर्णय तुमचे असतात.

खरी चढाओढ सुरुवातीच्या रेषेमागे चालते. रेषा उघडली तरी कुणी निघत नाही. आधी निघाल तर पुढचे थर्मल तुम्हालाच शोधावे लागतात आणि मागून येणारे तुमच्याकडे बघत सरळ येतात. फार थांबलात तर संध्याकाळी दिवस संपतो. मी सहसा घोळक्याच्या थोडं मागून निघतो, पुढे वर्तुळ घेणारी ग्लायडरं म्हणजे आयत्या खुणा.

पाण्याबद्दलही सांगतो. पंखांत पाणी भरून वजन वाढवलं की तेच ग्लाइड गुणोत्तर जास्त वेगाला मिळतं, पण चढ थोडी घटते. दिवस जोरकस असेल तर फायदा, मंदावला की सोडून द्यायचं. शेतात उतरायची वेळ आली तर आधी पाणी बाहेर.

उनाड_वारा

ढगोबा, सुरुवातीच्या डावपेचांबद्दल मी सहमत नाही. घोळक्यामागे राहून पायलटला दुसऱ्याची पाठ बघायची सवय लागते, आकाश वाचायची लागत नाही. पहिल्या एक-दोन मोसमांत तरी दिवसाची चांगली वेळ कोणती हे स्वतः ठरवावं आणि त्या वेळी निघावं, पुढे कुणी असो वा नसो. क्रमांक खाली येईल, पण त्या दिवशी संध्याकाळी फ्लाइट रेकॉर्डरची फाइल उघडल्यावर जे निर्णय दिसतील ते स्वतःचे असतील.

ढगोबा

शिकण्याच्या दृष्टीने तुमचं म्हणणं पटतं. पदकाच्या दृष्टीने नाही. नव्यांसाठी मी तुमच्या बाजूला मत देतो.

सावकाश

घोळक्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट. थर्मलमध्ये पहिला ज्या दिशेने फिरतोय त्याच दिशेने सगळ्यांनी फिरायचं. शिरताना बाहेरून, स्पर्शरेषेने, ज्याला तुम्ही दिसत आहात त्याच्या समोरच्या बाजूला. कुणाच्या पोटाखाली किंवा शेपटीमागे आंधळ्या जागेत राहायचं नाही. शेजारचा नजरेआड झाला आणि पुन्हा दिसेना, तर थर्मल सोडा, कितीही चांगलं असलं तरी. तीन वेळा जगज्जेते झालेले हेल्मुट राइशमान १९९२ मध्ये हवेतल्या टकरीत गेले. आता फ्लार्म हे उपकरण जवळच्या ग्लायडरची सूचना देतं, त्याने फार मोठा फरक पडलाय. पण ते दुसऱ्याकडेही चालू असावं लागतं. डोळे पहिले.

नवशिकी

किती मोकळेपणाने लिहिलंत सगळ्यांनी! दोनदा वाचलं, उंचीच्या तीन पायऱ्या वहीत उतरवून घेतल्या.

आता माझा विचार असा. सिल्व्हर बॅजच्या ५० किलोमीटरपासून सुरुवात करावी. त्याआधी सिम्युलेटरवर सराव उपयोगी पडतो का? आणि पहिल्या मोहिमेची तयारी कशी करू?

घारपंख

सिल्व्हर हेच योग्य पहिलं ध्येय. ५० किलोमीटर अंतर, ५ तास हवेत, १००० मीटर उंची मिळवणं. एक नियम अनेकांच्या लक्षात राहत नाही: अंतराच्या उड्डाणात टो (ओढून वर नेणारा दोर) सोडल्याची उंची आणि शेवटची उंची यांतला फरक अंतराच्या १ टक्क्याहून जास्त चालत नाही. ५० किलोमीटरसाठी ५०० मीटर. फार उंचावर टो सोडलात तर सगळं उड्डाण बाद ठरेल. त्यानंतर गोल्डला ३०० किलोमीटर आणि ३००० मीटर, मग डायमंड.

कॉन्डोर सिम्युलेटर जरूर वापरा. त्यात टास्क, फायनल ग्लाइड (पुन्हा न चढता शेवटच्या टप्प्यात घरी येणं), वेग बदलत उडणं, ढग निवडणं हे सगळं छान सरावता येतं. कमी उंचीवरचा थरकाप आणि खुर्चीतून जाणवणारी चढ मात्र तिथे मिळत नाही, म्हणून शेतांचा सराव सावकाश म्हणतात तसाच हवेत करा.

तयारीसाठी: मार्ग असा आखा की वाटेत मध्ये किमान एक ओळखीची धावपट्टी किंवा गाडीने जाऊन पायी तपासलेली शेतं असतील. एक्ससीसोअर हे वाट दाखवणारं अॅप फुकट आहे, ते फोनवर घेऊन आधी स्थानिक उड्डाणांत वापरून हात बसवा. पहिल्या मोहिमेच्या दिवशी नवं उपकरण नको. ट्रेलर जोडलेला, टायरमध्ये हवा, गाडीची चावी कुणाकडे ते ठरलेलं, आणणारा माणूस फोनवर. हे झालं असेल तर शेतात उतरणं ही केवळ संध्याकाळ लांबण्याची गोष्ट राहते. पाणी भरपूर प्या, आणि ते बाहेर टाकायची सोय आधी जमिनीवर बसून करून बघा. बरेच जण ती सोय नाही म्हणून पाणी टाळतात आणि चौथ्या तासाला त्यांचे निर्णय ढासळतात.

ढगोबा

यात एवढंच जोडतो की महिलांची स्वतंत्र जागतिक स्पर्धाही आहे, पहिली २००१ मध्ये लिथुआनियात झाली. आणि क्लब क्लासमध्ये जुन्या ग्लायडरांना हँडिकॅप (गुण मोजताना सवलत) मिळतो, म्हणून शर्यतीसाठी नवं महागडं ग्लायडर लागतं हा समज डोक्यात ठेवू नका.

नवशिकी

सरांशी बोलले. मोटर-ग्लायडरमधून शेतांचे अॅप्रोच पुढच्या आठवड्यापासून सुरू करतोय, उंचीमापकावर कागद चिकटवून. ते पक्कं झालं की मार्ग आखून इथे टाकते. तुम्ही सगळ्यांनी त्यातल्या चुका दाखवा.

सावकाश

टाका. वाऱ्याची दिशा आणि ढगांच्या बुडाची अंदाजी उंचीही सोबत लिहा, त्याशिवाय मार्ग बरा की वाईट ते सांगता येणार नाही.